उजव्या हातातल्या बांगड्या

आमच्या वेबसाइटचे वाचक कोण, असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, गणपतीनंतर एकटे उरलेले लोक. मुंबईहून आलेला मुलगा नवा फोन घेतो आणि जुना आईबापांच्या हातात ठेवून परत जातो. जाताना घाईघाईत सगळं शिकवतो. त्याची गाडी संगमेश्वरच्या पुढे गेली नसेल, तोवर शिकवलेलं सगळं साफ विसरलेलं असतं. पुन्हा विचारावं तर मुलगा फोनवर ओरडतो. मग ही मंडळी आमच्याकडे यायची. आम्ही ओरडत नसू.

आम्ही म्हणजे खरं तर मी एकटीच. पुण्यात एका कंपनीत यंत्रांची माहितीपत्रकं लिहायचं काम पुष्कळ वर्षं केलं, मग नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली आणि मी या माझ्या माहेरच्याच गावी परत आले. मारुती मंदिराच्या मागे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची जागा. तिथे बसून मोबाइल, प्रिंटर, पासवर्ड असल्या गोष्टींवर सोप्या मराठीत लिहायला लागले. ‘आम्ही आपल्या सूचनेचा जरूर विचार करू’ असं लिहिलं की जरा भारदस्त वाटतं, म्हणून ‘आम्ही’.

लेख लोक वाचायचे, पण वाचून झाल्यावर बोट कुठे ठेवायचं ते त्यांना कळत नसे. ‘ताई, दाखवा’ हे पालुपद सुरू झालं. शेवटी व्हिडिओ करायचे ठरवले. पहिला मी स्वतः केला. पासपोर्टच्या फोटोत असतं तसं तोंड करून मी इतक्या वेगाने बोलले होते, की माझ्या नवऱ्याने तो अर्ध्यावर थांबवला आणि विषय बदलला.

खालच्या मजल्यावर एक वहिनी राहायच्या. नवरा मालवाहू जहाजावर, इंजिन रूममध्ये फिटर. एकदा शिपवर चढला की कितीतरी महिने घरी नाही. सासर जयगडच्या बाजूला, सासू तिथेच असायच्या. वहिनी इथे राहून एका शाळेत शिवणाचे वर्ग घ्यायच्या. इमारतीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना व्हिडिओ कॉल वहिनींनीच शिकवलेला होता. जहाज किनाऱ्याजवळ आलं की थोडा वेळ रेंज मिळते, तेवढ्यात लागला तर फोन, नाहीतर नाही; त्यामुळे फोनमधलं काय कुठे असतं ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. मी विचारलं, तर त्यांनी एकच अट घातली. तोंड नको. हात दाखवा, आवाज घ्या, तोंड नको.

तसंच झालं. वरून कॅमेरा, खाली टेबलावर फोन, आणि त्यावर वहिनींचे हात. गव्हाळ, जरा जाडसर बोटं, आणि दोन्ही मनगटांत भरगच्च हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या ज्या हळूपणाने बोट टेकवायच्या, थांबायच्या, ‘आता तुमी करा बघू’ म्हणायच्या, त्यात लोकांचा जीव अडकला. माझ्या लेखांवर जन्मात जेवढ्या प्रतिक्रिया आल्या नसतील तेवढ्या वहिनींच्या हातांवर आल्या. कोणी त्यांना बांगडीवाल्या ताई म्हणायला लागलं. एका आजींनी लिहिलं होतं की तुमचे हात माझ्या सुनेसारखे आहेत, पण सून असं समजावून सांगत नाही. ते वाचून आम्ही दोघी खूप हसलो होतो.

जहाजावरच्या माणसाशी व्हिडिओ कॉल कसा करायचा, असा एक व्हिडिओ त्यांनी केला, तेव्हा सहज बोलून गेल्या की आमचे हे पण शिपवरच असतात. गल्फमध्ये, समुद्रावर माणसं असलेल्या घरांतून तो व्हिडिओ खूप पाहिला गेला. वहिनींना कोणी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचे यजमान पाण्यावर असतात हे आता सगळ्यांना ठाऊक होतं.

तक्रारी आल्या त्या बांगड्यांच्या. टेबलावर काच, फोनला काच, हातात काच. वहिनींनी बोट उचललं की छन्, टेकवलं की छन्. एकाने लिहिलं, व्हिडिओ छान, पण गुरं घरी आल्यासारखी वाटतात. मला राग आला. फुकट मिळतंय ते बघायचं सोडून लोकांना नसती उठाठेव, असं म्हणत मी टेबलावर जाड चादर घातली. आवाज जरा कमी झाला. मग वहिनींनी बांगड्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधला. पुढच्या व्हिडिओखाली तीसएक लोकांनी विचारलं, ताईंच्या हाताला काय लागलं, हळद लावली का. रुमाल काढला.

एवढ्यावर मी हा विषय सोडून दिला असता. पण देवरुखकडच्या एका निवृत्त मास्तरांचं ईमेल आलं, आणि ते रागवण्यासारखं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की ते कानात यंत्र लावतात. यंत्राला माणसाचा शब्द आणि काचेचा आवाज यातला फरक कळत नाही. उलट काच आधी ऐकू येते आणि शब्द तिच्याखाली बुडतो. बाई फार चांगलं शिकवतात असं त्यांची बायको सांगते, पण त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. काही करता येण्यासारखं असेल तर बघा, नसेल तर राहू द्या, एवढंच.

मी ते वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, माणूस खरं बोलतोय. कानाच्या यंत्राची माणसं अजून कितीतरी असतील, लिहीत नसतील. तोडगाही त्यांनीच काढला. फोनवर चालतो तो उजवा हात. डावा नुसता टेबलावर असतो, तो कॅमेऱ्यातून बाहेर ठेवता येईल. उजव्या हातातल्या बांगड्या काढून त्या वेळेपुरत्या डाव्या हातात चढवायच्या, काम झालं की परत. म्हणजे आवाजही नाही आणि दोन्ही हात ओकेबोके करायला नकोत. मला हे फारच हुशारीचं वाटलं.

बांगड्या काढताना मात्र वेळ लागला. त्या घट्ट भरलेल्या होत्या. मोरीत साबण लावून वहिनी एकेक बांगडी अंगठ्याच्या हाडावरून काढत होत्या, आणि मी दारात उभी राहून खिडकीतलं ऊन चाललंय म्हणून आतल्या आत चरफडत होते. काही बांगड्या वाढवल्या. वहिनी तसंच म्हणाल्या, ‘वाढवल्या’. फुटल्या हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. उरलेल्या त्यांनी डाव्या हातात चढवल्या. डावा हात कोपरापर्यंत हिरवा झाला होता. माझ्या हातात बांगडी नसते. कीबोर्डवर आपटते म्हणून लग्नानंतर लवकरच काढून ठेवल्या, आणि सासरी कोणी हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी मोरीच्या दारात मला यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

वेबसाइटवर मी ऐटीत निवेदन टाकलं. वाचकांच्या सूचनेवरून यापुढे आमच्या व्हिडिओत बांगड्यांचा आवाज येणार नाही, शब्द स्वच्छ ऐकू येतील, वगैरे. आणि त्याच दिवशी नव्या पद्धतीचा पहिला व्हिडिओ टाकला. नोव्हेंबर होता, पेन्शनवाल्यांचा महिना. मोबाइलवरून हयातीचा दाखला कसा द्यायचा, हा विषय. त्यात आपलं निवृत्तिवेतन निवडायचं की नवऱ्यामागे बायकोला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, असे दोन पर्याय येतात. पुष्कळ बायकांना हा दुसरा पर्याय कुठे असतो तेच सापडत नव्हतं, तशी पत्रं आली होती. म्हणून उदाहरणासाठी मी तोच घेतला. वहिनींचा मोकळा उजवा हात पडद्यावर आला, बोट शांतपणे त्या पर्यायावर टेकलं, आणि त्यांचा आवाज म्हणाला, ‘आता इथे खूण करायची.’

हे आज लिहिताना अगदी उघड दिसतं. तेव्हा आम्हा दोघींनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, आवाज किती स्वच्छ आलाय म्हणून एकमेकींचं कौतुक केलं, आणि वहिनी शाळेत शिवणाच्या वर्गाला निघून गेल्या. संध्याकाळी मास्तरांचं ईमेल आलं, शब्द न् शब्द ऐकू आला, बाईंना माझे आशीर्वाद सांगा. मला कृतकृत्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला मी राजापूरला गेले आणि फोन पर्समध्येच राहिला. परत आल्यावरही बघितला नाही, इतकी दमले होते. त्यामुळे मी प्रतिक्रिया उघडल्या त्या तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना. पहिल्या काही नेहमीसारख्या होत्या. मग एका बाईंनी लिहिलं होतं, ताई, हात बघितला, कळलं. मन घट्ट करा. त्याखाली दुसरीने विचारलं होतं, काय झालं? तिसऱ्याने उत्तर दिलं होतं, शिपवरच गेले म्हणतात. त्यानंतर मात्र रांग लागली होती. जोडलेले हात, दिवे, भावपूर्ण श्रद्धांजली. देव तुम्हाला बळ देवो. असल्या दुःखातही आमच्यासाठी व्हिडिओ केलात, तुमच्या पायाची धूळ मस्तकी. आखातातून कोणीतरी लिहिलं होतं की भाभी, आम्ही सगळे तुमचे भाऊ आहोत, अल्ला त्यांना जन्नत देवो. हे सगळं प्रेमाने लिहिलेलं होतं. त्यात टवाळ असा एक नव्हता.

आमचं निवेदन वेबसाइटवर होतं. व्हिडिओ तिथून कधीच निघून गावोगावच्या ग्रुपांवर फिरत होता, आणि त्याच्याबरोबर निवेदन कोण पाठवणार?

मी तशीच खाली धावले. वहिनींचं दार उघडं होतं आणि त्या फोन कानाला लावून उभ्या होत्या. पलीकडे सासू होत्या. वाडीतल्या कोणाच्या सुनेने तो व्हिडिओ आणि खालचं सगळं पाहिलं होतं. ती घरी काही बोलली असेल, घरातलं कोणी शेजारी बोललं असेल. सकाळपासून वाडीतल्या बायका एकेक करून येऊन सासूंच्या पडवीत बसायला लागल्या होत्या. कोणी काही सांगत नव्हतं. पदर तोंडाला लावून नुसत्या बसत होत्या. सासूंनी दोनदा विचारलं, काय गो झालं, तर एकजण रडायलाच लागली.

वहिनी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होत्या की काही झालेलं नाही, ते बरे आहेत. पण आमच्याकडची रीत कोणाला ठाऊक नाही? म्हाताऱ्या आईला तिच्या मुलाचं असं एकदम सांगत नाहीत. आधी बरा आहे म्हणतात, मग जरा लागलंय म्हणतात, मग दवाखान्यात आहे म्हणतात, आणि माणसं गोळा झाली की मग सांगतात. सासूंनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं, इतरांसाठी केलंही असेल. त्यामुळे सून जितक्या जोराने ‘बरे हायत’ म्हणत होती, तितकी त्यांची खात्री पटत चालली होती.

आम्ही कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या माणसाने सभ्यपणे सांगितलं की जहाज व्यवस्थित आहे, दोन बंदरांच्या मध्ये आहे, कॅप्टनला निरोप देऊ, जहाजावरच्या फोनवरून ते बोलतील, पण वेळ लागेल. वहिनींनी हे सासूंना कळवलं. सासू म्हणाल्या, ऑफिसवाले असंच सांगतात. फोन ठेवल्यावर वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘ताई, माझं पण बोलणं झाल्याला बरेच दिवस झाले.’ इतक्या लोकांनी इतक्या खात्रीने लिहिलंय म्हटल्यावर, त्यांना आपल्याआधी काही कळलं असेल का, अशी शंका त्यांच्या मनात शिरली होती. खोटं सांगत नाही, माझ्याही शिरली होती.

आम्ही दोघी सासूंकडे जायला निघालो. जयगडची एसटी सुटायला अवकाश होता. स्टँडसमोरच्या कासाराच्या दुकानाकडे वहिनी वळल्या. उजव्या हातात बांगड्या परत चढवल्या होत्या, पण निम्म्याच उरल्या होत्या. सासूंच्या पुढे असा हात घेऊन कसं जायचं? कासाराने हिरव्या दाखवल्या, पण वहिनींच्या जुन्या गडद होत्या, सोनेरी ठिपक्यांच्या, आणि त्याच्याकडे होत्या त्या पोपटी. वहिनी म्हणाल्या, चालतील, भरा. त्याने भरता भरता विचारलं, घरात काही कार्य आहे काय. वहिनींनी नुसती मान हलवली.

एसटीत बसल्यावर मी फोनवरून तो व्हिडिओ काढून टाकायला बघत होते आणि मधेमधे रेंज जात होती. काढला एकदाचा. त्याचा काही उपयोग नव्हता, तो आता आमच्या हातात नव्हता.

चिऱ्याचं घर, पुढे पडवी. अंगणात पुरुष उभे होते, आम्हाला बघून त्यांनी वाट दिली. कोणीही मोठ्याने रडत नव्हतं, सगळे कोणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट बघत थांबले होते. सासू माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक, ताठ बाई. वहिनी पुढ्यात जाऊन बसल्या आणि दोन्ही हात त्यांच्या हातांत दिले. ‘आई, बघा, हायत ना बांगड्या? ते बरे हायत. बोलणार हायत तुमच्याशी.’

सासूंनी हात पाहिले. आधी डावा पाहिला, मग उजवा. पोपटी बांगड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्या आजच्याच आहेत हे कळायला कोणी सांगायची गरज नव्हती. सुनेने आपल्याला फसवायला वाटेत बांगड्या भरून घेतल्या, असंच त्यांना वाटणार होतं, आणि तेच वाटलं. मी मागे उभी होते. आता ही बाई किंचाळणार आणि सुनेचे हात झिडकारणार, अशा धास्तीने मी पुढे झाले. त्यांनी हात सोडले नाहीत. दारातून डोकावणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या:

‘ऱ्हाऊ देत. माझ्या वेळेस फोडल्यानी, तवा मी काय बोलले नाय. लहान होते. तुझ्या हाताला कोन हात लावतोय ता मी बघते.’

वहिनी रडत म्हणत होत्या, आई, असं नाय ओ, ते हायत. सासू त्यांना थोपटत होत्या आणि म्हणत होत्या, हां, हाय, हाय. तुला खोटं बोलायला लागतंय, ता मला ठाऊक हाय. बांगड्या काढू नको.

दारातली एक म्हातारी काही पुटपुटली. सासूंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती पडवीत जाऊन बसली. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेल्या लोकांच्या सभा ऐकल्या आहेत, विधवांच्या हक्कांवर एक लेखही लिहिला आहे. त्या माजघरातून मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने मी मागच्या दारी गेले.

वहिनी तिथेच राहिल्या, मी संध्याकाळच्या गाडीने परतले. फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. नंतर वहिनींनी मला सगळं सांगितलं. त्यांनी फोन सासूंच्या कानाला लावला. मुलाचा आवाज आला, आई म्हणून हाक मारलेली आली. सासूंनी विचारलं, जेवलास काय? तो म्हणाला, जेवलो. त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला, उठून देवापाशी जाऊन बसल्या आणि दिवसभर काही खाल्लं नाही. आनंदाचा उपास नव्हता तो. जिवंत मुलाला आपण आपल्या तोंडाने, चारचौघांत, मेलेला धरलं. सुनेला विधवा म्हणून थोपटलं. हे शब्द आपल्या जिभेवर आले कसे, म्हणून त्या स्वतःला लावून घेत होत्या. त्यानंतर कधीही मुलाचा फोन आला की त्या ‘जेवलास काय’ एवढंच विचारायच्या.

मी खुलासा लिहायला बसले. वर्षानुवर्षं लोकांना उत्तरं लिहिणारी मी, मला ते चार वाक्यांचं निवेदन जमेना. तुम्ही चुकलात असं कोणाला म्हणणार? मास्तर चुकले नव्हते. ‘मन घट्ट करा’ लिहिणारी बाई चुकली नव्हती; तिने जे पाहिलं त्याचा जो अर्थ तिच्या गावात होतो, तोच तिने लावला होता. कोणावर तरी चिडता आलं असतं तर मला बरं झालं असतं. शेवटी लिहिलं की ताईंचे यजमान सुखरूप आहेत, आवाज येऊ नये म्हणून बांगड्या काढल्या होत्या, आमच्यामुळे गैरसमज झाला. लोकांना इतका आनंद झाला की विचारू नका. कोणी पेढे मागितले. पुष्कळांनी लिहिलं, आवाज येऊ दे, आम्हाला चालेल, पण ताईंनी दोन्ही हात भरून परत यावं. गुरं घरी आल्यासारखी वाटतात म्हणणाऱ्यानेही लिहिलं.

ही पत्रं घेऊन मी उत्साहाने खाली गेले. दाराला कुलूप होतं. वहिनी सासूंना सोबत म्हणून गावीच राहिल्या होत्या. त्या परत येतील, मग करू, असं मी लोकांना कळवत राहिले. जानेवारीत त्यांनी शिवणाचे वर्ग सोडले आणि जागाही सोडली.

शिमग्याला मी त्यांच्याकडे गेले. नवरा घरी आला होता. पडवीत बसून पंखा दुरुस्त करत होता. मला बघून म्हणाला, या ताई, मेलेल्या माणसाच्या घरचा चहा घ्या. मोठा हसरा गडी. बोटीवर त्याच्या मित्रांनी म्हणे त्याचं नावच भूत ठेवलं होतं. वहिनीही हसल्या. तो म्हणाला, हिला घेऊन जा रत्नागिरीला, इथे बसून काय करणार, लोक विचारतात हिला. सासू तांदूळ निवडत होत्या. त्याही म्हणाल्या, ने तिला, हुशार हाय. पण मुलाने पुन्हा काही भुताचा विनोद केला, तेव्हा त्या सूप तसंच टाकून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

वहिनी मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. वाटेत मी परत विषय काढला. म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं करू. बांगड्या वाजू देत. नुसता आवाज दिलात तरी चालेल. त्या नाही म्हणाल्या. मला वाटलं, लोकांनी जे लिहिलं त्याचं मनाला लागलंय, म्हणून मी म्हटलं की मी ते सगळं पुसून टाकलंय. तसं नाही, असं त्या म्हणाल्या. थांब्यावर आम्ही दोघीच होतो. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या:

‘ताई, त्या दिवशी आई म्हणाल्या ना, बांगड्या ऱ्हाऊ देत म्हणून. तुमी पण होतात.’

मी हो म्हटलं.

‘तेव्हा मला बरं वाटलं.’

मला नीट कळलं नाही, हे माझ्या तोंडावर दिसलं असावं.

‘ते हायत की नाय, ता मला तेव्हा पक्कं ठाऊक नव्हतं. तरी बरं वाटलं. उद्या कायपण झालं तरी माझे हात असेच राहतील, म्हणून एकदम हलकं वाटलं. किती वेळ ते माहीत नाय, पण वाटलं. आता हात कॅमेऱ्यापुढे धरला की तेच येतं मनात. नवरा पाण्यावर असताना बायकोला असं बरं वाटावं काय ओ?’

त्यात काही वाईट नाही, असं मला म्हणायचं होतं. कोणालाही वाटलं असतं, असंही म्हणायचं होतं. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नसणार, हे मला कळत होतं. वळणावर गाडी दिसली. त्यांनी माझी पिशवी उचलून वर दिली, पोचल्यावर फोन करा म्हणाल्या, आणि मी हो म्हटलं.